उत्पात कसा ओळखावा: मराठी विकिपीडियावर नव्याने गस्त घालणाऱ्यांसाठी

उत्पात म्हणजे लेख मुद्दाम बिघडवणं, आणि गस्त घालणं म्हणजे इतरांनी केलेले बदल तपासत राहणं. शिवीगाळ करणारा माणूस गस्त घालणाऱ्याचा फारसा वेळ खात नाही. त्याचं लिखाण दिसतं, दोन क्लिकमध्ये उलटवलं जातं, विषय संपतो. खरा वेळ जातो तो पानशेत धरण फुटल्याचं साल १९६१चं १९६२ करून, एक शब्दही न बोलता निघून जाणाऱ्यावर. नव्याने 'अलीकडील बदल' (विकीवर नुकत्याच झालेल्या बदलांची यादी) बघायला बसणाऱ्यांना मी आधी हेच सांगते, कारण पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं लक्ष शिव्यांवरच असतं.

त्या यादीत प्रत्येक बदलापुढे कंसात एक आकडा असतो. भर पडली तर हिरवा, मजकूर गेला तर लाल. हा आकडा बाइटचा आहे, अक्षरांचा नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, मात्रा, वेलांटी ही वेगवेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे एकटा 'मराठी' हा शब्द पंधरा बाइटचा. त्यामुळे उणे तीनशे बघून दचकू नका, एखादं मोठं वाक्य गेलेलं असतं, इतकंच. उलट १९६१चं १९६२ केलं तर कंसात शून्य दिसतं. शून्य दिसलं की नवखे लोक पुढे जातात. मी तिथेच थांबते. इंग्रजी अंकांतलं साल देवनागरी अंकांत केलं असेल तर अधिक आठ दिसतं. ते बहुतेक वेळा कोणीतरी केलेलं चांगलं काम असतं, पण आकडा तोच राहिलाय ना, एवढं पाहून घ्यावं.

'फरक' (बदलाआधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी-शेजारी) उघडल्याशिवाय कुठलंही मत बनवायचं नाही. बदलासोबतच्या टिपेत, म्हणजे सारांशात, 'शुद्धलेखन' असं लिहून लोकसंख्या बदललेली मी पाहिली आहे. 'छोटा बदल' अशी खूण करून अख्खा परिच्छेद उडवलेलाही पाहिला आहे. आकडा संशयास्पद वाटला तर तो तपासायचे साधे मार्ग आहेत. तीच गोष्ट लेखात दुसरीकडे किंवा दुसऱ्या लेखात कुठे आली आहे का? पानशेतचं साल पुण्याच्या लेखात येतं, खडकवासल्याच्या लेखात येतं. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. गावाची लोकसंख्या असेल तर जनगणनेचे तक्ते आहेत. आणि कोणी '२०२१च्या जनगणनेनुसार' असं लिहून आकडा टाकला असेल तर तक्ते उघडायचीही गरज नाही, कारण २०२१ साली भारतात जनगणना झालीच नाही.

असले बदल वेळेत पकडले नाहीत तर काय होतं, याचं इंग्रजी विकिपीडियावरचं उदाहरण प्रसिद्ध आहे. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून कोआटी या प्राण्याच्या लेखात घातलं की याला 'ब्राझिलियन आर्डवार्क' असंही म्हणतात. ते नाव त्याने स्वतःच बनवलं होतं. ओळ कित्येक वर्षं टिकली, वर्तमानपत्रांनी ती उचलली, आणि मग त्याच छापील मजकुराचा संदर्भ त्या ओळीखाली दिसू लागला. म्हणून 'संदर्भ आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. संदर्भ आधीचा की विकीवरची ओळ आधीची, हे 'इतिहास' (लेखाच्या सगळ्या जुन्या आवृत्त्यांची यादी) बघून कळतं.

आता उलटी बाजू. जे वाईट दिसतं ते सगळं उत्पात नसतं. लेखाच्या मध्येच 'ठळक मजकूर' असे शब्द जाड ठशात उमटले असतील तर कोणीतरी पहिल्यांदाच संपादनाचं बटण दाबून पाहिलंय. त्याला धूळपाटीचा, म्हणजे सरावासाठीच्या पानाचा, पत्ता द्या. अर्धा लेख गायब असेल तर वर 'काम चालू' असा साचा (तयार सूचनाचौकट) आहे का ते बघा. कोणी लेखाची नव्याने मांडणी करत असेल. गावांच्या पानांवर 'प्रसिद्ध व्यक्ती' या मथळ्याखाली कोणा तरुण, तडफदार नेतृत्वाचं नाव निवडणुकीच्या तोंडावर हमखास उगवतं. ते काढायचंच, पण ती जाहिरात झाली, उत्पात नव्हे, आणि घालणाऱ्याला बहुधा प्रामाणिकपणे वाटत असतं की आपण गावाचं नाव मोठं करतोय.

आणि वाद म्हणजे तर उत्पात मुळीच नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांच्या लेखावरून महाराष्ट्रात किती रान उठलं ते आठवत असेल. अशा लेखांवर संतापून येणारा माणूस लेख बिघडवायला आलेला नसतो. त्याच्या मते तो दुरुस्त करत असतो. तिथे गस्त घालणाऱ्याने निकाल द्यायचा नाही. लेखाच्या चर्चा पानावर संदर्भ मागायचा आणि एकमेकांचे बदल उलटवण्याची ओढाताण वाढली तर प्रचालकांना (विकीवर जादा अधिकार असलेल्या सदस्यांना) कळवायचं. असे बदल सरसकट 'उत्पात' म्हणून उलटवणारे जुने सदस्यही आहेत. मला ते पटत नाही. मराठी विकीवर नियमित लिहिणारे आधीच मोजके, त्यात एका फटक्यात माणूस पळवायचा कशाला?

उलटवताना एक गफलत फार होते. एकाने खोटी ओळ घातली, मग दुसऱ्याने खालचा परिच्छेद पुसला. तुम्ही फक्त शेवटचा बदल उलटवलात तर परिच्छेद परत येतो आणि खोटी ओळ तशीच राहते. वर इतिहासात तुमचं नाव लागल्यामुळे पुढच्याला वाटतं, हे पान कोणीतरी तपासलंय. द्रुतमाघारीचा, म्हणजे एका क्लिकमध्ये बदल मागे घेण्याचा, अधिकार असणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण ती फक्त शेवटच्या सदस्याचे लागोपाठचे बदल मागे घेते. तेव्हा इतिहासात मागे जाऊन शेवटची चांगली आवृत्ती शोधा आणि तीच पुन्हा जतन करा. मधल्या काळात कोणी चांगली भर घातली असेल तर ती हाताने परत आणा. कंटाळवाणं काम आहे, पण करावं लागतं.

सारांशात दोन शब्द पुरेत: 'असंदर्भ बदल उलटवला' किंवा 'जुना आकडा पूर्ववत'. टोमणा नको. मुद्दाम त्रास देणाऱ्याला नेमका टोमणाच हवा असतो, तो मिळाला की पुन्हा येतो. त्या सदस्याच्या चर्चा पानावर सूचना द्यावी, दुसऱ्यांदा केलं तर इशारा, आणि तरीही थांबलं नाही तर प्रचालकांकडे जावं. खातं गोठवणं किंवा पान अर्धसुरक्षित करणं (नवख्या आणि खातं नसलेल्यांना ते बदलता येणार नाही असं करणं) ही त्यांची कामं. आपण चार वेळा उलटवत बसून इतिहास लांबवण्यात अर्थ नाही.

कोणाचा फोन नंबर, घरचा पत्ता किंवा एखाद्या मुलीचं नाव घालून घाणेरडं लिहिलेलं सापडलं तर मात्र पद्धत वेगळी. उलटवून भागत नाही, कारण जुनी आवृत्ती इतिहासात कोणालाही उघडता येते. ती लपवण्याची सोय प्रचालकांकडे असते. त्यांना खासगीत, ईमेलने कळवा. चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, 'हे बघा काय लिहिलंय' म्हणून दुवा टाकलात तर ज्यांना माहीत नव्हतं तेही बघून येतील.

सुरुवातीला सगळ्या विकीची राखण करायला जाऊ नका. आपला तालुका, आपला विषय, आपण ज्यातलं खरं-खोटं पुस्तक न उघडता सांगू शकतो अशी वीस-पंचवीस पानं निरीक्षणसूचीत (आपण लक्ष ठेवतो त्या पानांच्या यादीत) घ्या. आणि पसंतीक्रमात, म्हणजे आपल्या खात्याच्या सेटिंगमध्ये, जाऊन 'फक्त शेवटचा नव्हे, सगळे बदल दाखवा' ही खूण आजच करून ठेवा. नाहीतर उत्पातानंतर एखादा सांगकाम्या (आपोआप बदल करणारा प्रोग्राम, बॉट) येऊन लेखाचे वर्ग नीट करून जातो, सूचीत तुम्हाला तेवढाच दिसतो, आणि त्याच्याखालचा बदललेला आकडा तसाच राहतो.