पगारपत्रकातली ‘रेंटं’ म्हणजे घरभाडं नव्हे

जर्मनीत नोकरीला आलेल्या आपल्या मुलामुलींचा पहिला पगार झाला की एक प्रश्न हमखास कानावर येतो: “पगारातून रेंट का कापलं? घरभाडं तर मी वेगळं भरतेय!” पगारपत्रकात ‘रेंटेनफरझिशरुंग’ असा भला मोठा शब्द असतो आणि त्यातला ‘रेंट’ डोळ्यात भरतो. पण जर्मन ‘रेंटं’ म्हणजे निवृत्तिवेतन, आणि तो मोठा शब्द म्हणजे निवृत्ती विमा. घरभाड्याला इथे ‘मीटं’ म्हणतात.

हा हप्ता लहान नाही, म्हणून तो नीट समजून घ्या. ठराविक मर्यादेपर्यंतच्या पगाराच्या 18.6 टक्के रक्कम निवृत्ती विम्यात जाते. निम्मी तुमची, निम्मी कंपनीची. किमान 5 वर्षांचे हप्ते झाले की म्हातारपणी जर्मन पेन्शनचा हक्क तयार होतो, मग तुम्ही तेव्हा नागपुरात राहत असलात तरी. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे. कंपनीने ठराविक काळासाठी भारतातून पाठवलं असेल, तर भारतातला विमा चालू असल्याचं प्रमाणपत्र आणून इथला हप्ता टाळता येतो; हे निघण्याआधीच एचआरला विचारा. देश सोडताना “पैसे परत घेऊन टाक” असा सल्ला मिळेल. काही अटींवर ते मिळतात, पण युरोपाबाहेर गेल्यानंतर 24 महिने थांबावं लागतं आणि परत येतो तो फक्त तुमचा वाटा, कंपनीचा नाही. माझं स्पष्ट मत आहे: 5 वर्षांच्या जवळ पोचला असाल तर घाई करू नका.

आता शब्दाकडे येतो, कारण कामासाठी देश बदलणाऱ्यांना तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे. मूळ फ्रेंच ‘राँत’ म्हणजे जमिनीतून किंवा गुंतवलेल्या पैशातून नेमाने हाती येणारं उत्पन्न. त्यावर जगणारा तो ‘राँत्ये’. 1066 नंतर नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंच भाषा इंग्लंडमध्ये गेली. तिथे आधी उत्पन्न असाच अर्थ होता, पण ते बहुतेक जमिनीतून येई, म्हणून हळूहळू कुळाने मालकाला द्यायची रक्कम तेवढी ‘रेंट’ उरली. आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘खंड’ म्हणतात, तो नेमका हाच जुना अर्थ.

नेदरलँड्समध्ये मात्र वेगळंच घडलं. मध्ययुगात चर्चने व्याजावर बंदी घातली होती. तेव्हा पैसे हवे असलेली शहरं ‘रेंटं’ विकत असत: आज एकरकमी पैसे द्या, आम्ही दरवर्षी अमुक रक्कम देत राहू. हा व्यवहार कर्ज मानला जात नसे. त्यातूनच आज डच ‘रेंटं’ म्हणजे सरळ व्याज! ॲम्स्टरडॅममध्ये घर घेताना बँक ‘हिपोटेक-रेंटं’ म्हणते ते गृहकर्जाचं व्याज, आणि घरभाडं म्हणजे ‘ह्यूर’. डॅनिश ‘रेंटं’ आणि स्वीडिश ‘रेंता’ हेही व्याजच.

जर्मन अर्थ पक्का केला तो चान्सलर बिस्मार्कच्या काळातल्या 1889 च्या कायद्याने. म्हातारपण आणि अपंगत्व यांसाठी कामगारांना जे नियमित पैसे मिळणार होते, त्यांना कायद्याने ‘रेंटं’ म्हटलं. पूर्वी जमीनदाराच्या आणि सावकाराच्या हाती येणारं उत्पन्न, तेच नाव गिरणीतल्या मजुराच्या हक्काला मिळालं. मला हे फार मोलाचं वाटतं.

पोलंडला जाणाऱ्यांनी जास्त सांभाळायला हवं. तिथे ‘रेंता’ प्रामुख्याने काम करण्याची क्षमता गेलेल्यांना मिळते. म्हातारपणाची पेन्शन म्हणजे ‘एमेरितुरा’. वॉर्सात घरमालकाशी बोलताना ‘रेंता’ म्हणालात तर त्याला काही बोध होणार नाही. तिथल्या जाहिरातीत ‘चिंश’ पाहा. तो बहुतेक वेळा इमारतीच्या देखभालीचा आकार असतो आणि भाड्याहून वेगळा लावलेला असतो, म्हणून दोन्हींची बेरीज विचारूनच घर ठरवा. हा ‘चिंश’ जर्मन ‘त्सिन्स’वरून आला. जर्मनीत त्सिन्स म्हणजे व्याज, पण स्वित्झर्लंडमध्ये ‘मीट-त्सिन्स’ म्हणजे घरभाडं.

मग जर्मनीत ‘पेन्शन’ शब्दच नाही का? आहे, तोही फ्रेंचमधूनच आलेला. सरकारी अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाला ‘पेन्झिऑन’ म्हणतात, आणि छोट्या घरगुती लॉजलाही. पहिल्या आठवड्यात स्वस्तात राहायला जागा शोधताना हा दुसरा अर्थ उपयोगी पडतो.

वयाची 27 वर्षं आणि हप्त्यांची 5 वर्षं झाली की दरवर्षी ‘रेंटेन-इन्फोरमात्सिऑन’ नावाचं पत्र घरी येतं. आतापर्यंत किती पेन्शन साठली ते त्यात असतं. ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका, वर्षवार फाइल करा. विमा क्रमांक भारतातल्या घरीही लिहून ठेवा, आणि जर्मनी सोडताना नवा पत्ता विमा कार्यालयाला कळवा.