संगणक फार मंद झाला असेल, तर फॉरमॅट करण्याआधी

संगणक सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे घेऊ लागला की आसपासचे लोक बहुधा दोनच उपाय सुचवतात: फॉरमॅट करा किंवा नवा घ्या. कारण न शोधता फॉरमॅट केल्यास काही दिवसांतच तोच मंदपणा परत येऊ शकतो. आणि डिस्कच निकामी होत चालली असेल, तर अनेक वर्षांची छायाचित्रे व हिशेब कायमचे गमावण्याची भीती असते. म्हणून आधी वेळ नेमका कुठे जातो हे पाहावे. पुढील विवेचन विंडोज १० आणि ११ असलेल्या संगणकांसाठी आहे.

सर्वप्रथम स्टार्ट मेनूतून ‘रीस्टार्ट’ करावे. ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्णपणे नव्याने सुरू होईलच असे नाही, कारण ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे प्रणालीचा गाभा डिस्कवर जतन करून पुढच्या वेळी तोच पुन्हा उचलला जातो, आणि त्यामुळे रोज संगणक बंद करणाऱ्याच्या यंत्रातही जुना बिघाड कित्येक दिवस तसाच राहू शकतो. रीस्टार्ट करताना घड्याळ लावून पाहावे. कंपनीचे चिन्हच बराच वेळ दिसत राहिले, तर अडचण विंडोजच्या आधीची आहे. अशा वेळी जोडलेले पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क आणि प्रिंटर काढून पुन्हा प्रयत्न करावा. डेस्कटॉप दिसल्यानंतर संगणक अडखळत असेल, तर पुढची तपासणी टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे कोणता प्रोग्राम किती ताण देतो हे दाखवणाऱ्या विंडोजच्याच साधनात, करावी लागते.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर अडकलेला आढळतो, आणि तरीही प्रत्यक्ष माहितीची ने-आण सेकंदाला जेमतेम एखाद्या मेगाबाइटची असते. यात विसंगती नाही. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी सुमारे ११ मिलिसेकंदांची असते. हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते आणि शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यात आणखी १० ते १२ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील, तर सेकंदाला साधारण ६० तुकडेच हाती लागतात. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे वाचते, त्यामुळे प्रोसेसर कितीही चांगला असला तरी तो डिस्कची वाट पाहत बसून राहतो.

येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा साधी फाइल उघडतानाही संगणक गोठत असेल, तर प्रथम महत्त्वाची माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि मगच तपासणी करावी, कारण संपूर्ण डिस्क वाचणारी दुरुस्तीची आज्ञा मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर शेवटचा ताण ठरू शकते. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून डिस्कचा स्वतःचा अहवाल वाचावा. त्यातील ‘०५’ आणि ‘सी५’ या ओळींचा आकडा शून्यापेक्षा जास्त असून वाढत असेल, तर डिस्क बदलावी. ‘सी७’ ओळीचा आकडा वाढत असेल, तर मात्र दोष बहुधा केबलचा असतो, आणि केबल बदलणे फारच स्वस्त पडते.

डिस्क धडधाकट आहे, पण फिरणारी आहे, असे आढळले तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवणे हा माझ्या मते सर्वांत परिणामकारक खर्च आहे. अडीच इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कसारखीच जोडणी असलेली) एसएसडी जुन्या लॅपटॉपच्या त्याच खाचेत बसते, आणि जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, करून घेतल्यास विंडोज नव्याने टाकावे लागत नाही. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल, तर ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवावी. जुनी डिस्क निदान महिनाभर पुसू नये. एसएसडीवर डीफ्रॅगमेंट, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र, करण्याची गरज नसते. तिची निगा विंडोज स्वतः राखते.

मेमरीचा रकाना सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर विंडोज या मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, न मावणारी माहिती डिस्कवर ठेवू लागते, आणि मग मेमरीचा तुटवडा डिस्कच्या मंदपणाच्या रूपात दिसतो. ४ जीबी रॅम असलेल्या यंत्रात ब्राउझरचे दहा-बारा टॅब त्यासाठी पुरेसे असतात. रॅम वाढवण्यापूर्वी ती बदलता येते की मदरबोर्डवरच (संगणकाच्या मुख्य सर्किट पट्टीवर) डाख देऊन कायमची जोडलेली आहे, याची खात्री करून घ्यावी.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम दिसतात. गरज नसलेले तेथूनच बंद करावेत, परंतु टचपॅड, ध्वनी आणि अँटिव्हायरस यांच्या नोंदींना हात लावू नये. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू असतील, तर एक काढून टाकावा.

प्रोसेसरच्या पानावरील वेग गिगाहर्ट्झमध्ये दिलेला असतो. काम चालू असतानाही तो एकाच्या खाली अडकून राहत असेल, तर पंख्यात साचलेली धूळ किंवा चार्जर यांपैकी एकाचा संशय घ्यावा. काही लॅपटॉप ओळख न पटलेल्या चार्जरवर मुद्दाम वेग घटवतात. चार्जर काढल्यावर वेग सुधारला, तर ही शंका खरी मानावी.

एका वेळी एकच बदल करावा आणि दर वेळी सुरू होण्याचा वेळ लिहून ठेवावा. डिस्क, मेमरी आणि तापमान हे सर्व ठीक असूनही संगणक अडखळतच राहिला, तर माहितीची प्रत घेऊन फॉरमॅट करावे. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्यामुळे, यंत्रात चालत असेल तर त्याच वेळी विंडोज ११ टाकून घ्यावे.