सभागृहात प्रश्न विचारताय? विरोधी बाकांवरच्या या चुका टाळा

आमदाराच्या कार्यालयात सकाळी बसून पाहिलं तर येणाऱ्यांच्या हातातल्या पिशव्यांत साधारण तीनच प्रकारचे कागद असतात. मुलाच्या शाळेचे किंवा फीचे, घरकुलाचे आणि कुठल्यातरी अनुदानाचे. विरोधी पक्षाच्या आमदाराकडे या माणसांसाठी निधी नसतो, फोनवर काम करून देईल असा अधिकारीही सहसा नसतो. त्याच्याकडे तारांकित प्रश्न असतो (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना असते, अपुऱ्या उत्तरावर अर्धा तास चर्चा असते. आणि तीच हत्यारं अधिवेशनामागून अधिवेशनं वाया जाताना दिसतात. उत्तर येतं, "हे खरे नाही." त्याखाली, "प्रश्न उद्भवत नाही."

सरकार टाळाटाळ करतं हे उघड आहे. पण टाळता येईल असा प्रश्न आपणच लिहून देतो, हेही तितकंच खरं आहे. नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीनंतर २८८ जणांच्या विधानसभेत सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचे २० आमदार निवडून आले. विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रघाताने धरले जाणारे एक दशांशही नाहीत, त्यामुळे त्या पदाचाच वाद होऊन बसला. संख्येच्या जोरावर सरकारला अडवण्याचे दिवस नाहीत. अशा वेळी एकेक प्रश्न घोटून लिहायला हवा. हा लेख आमदारांसाठी आहे, प्रत्यक्ष प्रश्न लिहिणाऱ्या त्यांच्या स्वीय सहायकांसाठी आहे आणि आमदाराकडे विषय घेऊन जाणाऱ्या पालकांसाठी, कार्यकर्त्यांसाठीही आहे.

पहिल्याच भागात भाषण

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. आपल्याकडे प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. (१) अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले? (३) असल्यास, तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? हे सगळे भाग "असल्यास" या शब्दाला लटकलेले असतात. पहिला भाग कोसळला की खालचे आपोआप कोसळतात.

आता असा पहिला भाग बघा: "शासनाच्या गरीबविरोधी धोरणामुळे राज्यातील हजारो बालके शिक्षणापासून वंचित राहिली आहेत, हे खरे आहे काय?" मंत्र्यांना "हे खरे नाही" म्हणायला एक क्षणही लागत नाही, कारण धोरण गरीबविरोधी आहे हे कुठलंच खातं लिहून देणार नाही. शिवाय आरोप, तर्क आणि मत मागणारे प्रश्न नियमातच बसत नाहीत. बऱ्याचदा ते विधानमंडळ सचिवालयातच अडकतात. नाकारता येणारच नाही अशी गोष्ट पहिल्या भागात ठेवा: शासन निर्णयाची तारीख, जिल्हा, योजनेचं पूर्ण नाव. आणि जिथे जमेल तिथे "खरे आहे काय" ऐवजी "किती", "कधीपासून", "कोणत्या स्तरावर प्रलंबित" असं विचारा. "किती" या प्रश्नाला "हे खरे नाही" असं उत्तर देता येत नाही.

आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं उदाहरण घेऊ. या कायद्याच्या कलम १२(१)(ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. ९ फेब्रुवारी २०२४ला राज्य सरकारने अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ला ती रद्द केली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. यावर आजही सभागृहात संतापाची भाषणं होतात. संताप रास्त आहे, पण ते प्रकरण कोर्टात संपलं. पालकांचे प्रश्न मात्र जिवंत आहेत. या मुलांच्या फीपोटी शाळांना सरकारकडून एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांची प्रतिपूर्ती मिळायची असते, ती वेळेवर मिळत नाही म्हणून शाळा आरटीईच्या मुलांकडे ओझं म्हणून पाहतात. तेव्हा विचारा: आपल्या जिल्ह्यात कोणत्या वर्षाची किती रक्कम देय आहे, किती दिली, उरलेली कोणत्या टप्प्यावर अडली. दुसरा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारच कमी वेळा विचारला जातो. कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंत आहे. पहिलीपासून त्या शाळेत वाढलेल्या मुलाने नववीत पूर्ण फी भरायची की शाळा सोडायची? आठवी पार केलेल्या आरटीईच्या मुलांपैकी किती जण त्याच शाळेत नववीत गेले, याची नोंद शासन ठेवतं का? एवढा एकच प्रश्न नीट लिहून विचारला, तर उत्तर काहीही आलं तरी कामाचं आहे. नोंद असेल तर आकडा हाती येतो, नसेल तर नोंद नसल्याची लेखी कबुली मिळते.

मुलींच्या उच्च शिक्षणाचंही असंच. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. "मोफत शिक्षणाची घोषणा फसवी आहे काय?" असं विचारलं की मंत्री योजनेचं कौतुक वाचून दाखवतात. वसतिगृह, विकास शुल्क आणि इतर शुल्कं या माफीत नाहीत. घरच्यांचं कंबरडं तिथे मोडतं. माफ झालेल्या शुल्काची रक्कम महाविद्यालयांना किती दिवसांत पोचली आणि तोवर मुलींकडून पैसे भरून घेणाऱ्या किती संस्थांना नोटीस गेली, हे विचारा.

चुकीचं खातं

घरकुलाच्या प्रश्नात हे सर्रास होतं. गावात सगळ्यांना घरकुल म्हणजे घरकुल. मंत्रालयात तसं नाही. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण ग्रामविकास खात्याकडे, रमाई आवास सामाजिक न्यायाकडे, शबरी आदिवासी विकासाकडे, मोदी आवास इतर मागास बहुजन कल्याणकडे. मोफत पाच ब्रास वाळूचा विषय महसूलचा. प्रश्न "ग्रामविकास मंत्र्यांना" आणि तक्रार रमाईची, मग पुरवणी प्रश्नाला (उत्तरावर सभागृहात विचारलेल्या उपप्रश्नाला) "ही बाब संबंधित विभागाशी निगडित आहे" हे उत्तर ठरलेलं.

म्हणून विषय घेऊन येणाऱ्या माणसाला आधी चार गोष्टी विचाराव्यात. घरकुल कोणत्या योजनेतून मंजूर झालं? नाव "ड यादी"त, म्हणजे घरकुलासाठी पात्र कुटुंबांच्या यादीत आहे की नाही? जागा स्वतःची की गायरान (गावची सरकारी चराऊ जमीन)? आणि कितवा हप्ता अडला? जागाच नसेल तर प्रश्न पंडित दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजनेचा आहे, अतिक्रमण नियमित करण्याचा असेल तर महसूलचा. जोत्यापर्यंत बांधकाम होऊन दुसरा हप्ता आला नसेल तर जिओ टॅगिंगपासून (बांधकामाचा ठिकाणासह फोटो नोंदवण्यापासून) निधीपर्यंत कुठेही गाठ असू शकते. प्रधानमंत्री आवासला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. २०२५मध्ये राज्याने त्यात ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. ही वाढ जाहीर झाल्यानंतर प्रत्यक्ष खात्यात किती लाभार्थ्यांना मिळाली, तालुकानिहाय? हा प्रश्न राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघातून विचारता येतो.

शहरात तर नेमकेपणा आणखी लागतो. झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी आणि २०११पर्यंतची झोपडी यांचे हक्क वेगळे आहेत: पहिलीला घर मोफत, दुसरीला पैसे भरून. दोघांची तक्रार एका प्रश्नात कोंबली की उत्तर दोघांनाही लागू पडत नाही. थकलेल्या भाड्याचा विषय असेल तर योजनेचं नाव, विकासकाने भाडं बंद केल्याचा महिना आणि प्राधिकरणाने बजावलेल्या नोटिशीची तारीख, एवढं हवंच.

इथे समाजवादी नेत्या आणि माजी आमदार मृणाल गोरे आठवतात. "गरिबांना घरं द्या" एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. शहरात एकाकडे किती जमीन असावी याची मर्यादा घालणाऱ्या १९७६च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेली जमीन सर्वसामान्यांच्या घरांना का मिळत नाही, हा एक मुद्दा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं धरून ठेवला. गोरेगावात दिंडोशीला नागरी निवारा या गृहप्रकल्पाची हजारो घरं उभी राहिली ती त्यातून. कोणता कायदा, कोणती जमीन आणि अडवणूक कुणाची, हे त्यांच्या मागणीत स्पष्ट होतं.

योजनेवर टीका, उणिवेवर मौन

महिलांना दरमहा १५०० रुपये देणाऱ्या लाडकी बहीण योजनेबद्दल विरोधकांचे प्रश्न दोन टोकांना जातात. एक तर "तिजोरी रिकामी केली", नाहीतर निवडणुकीत कबूल केलेले "२१०० रुपये कधी देणार". दोन्हींची उत्तरं सत्ताधाऱ्यांच्या खिशात तयार असतात. पहिल्या प्रश्नावर "तुम्ही बहिणींच्या विरोधात आहात" म्हणायचं, दुसऱ्यावर "योग्य वेळी निर्णय घेऊ".

उणीव वेगळीकडे आहे. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडक्या बहिणीचा लाभ मिळत नाही. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला मिळतात तेही १५०० रुपयेच. याचा अर्थ, नवरा कमावता असलेली पात्र बहीण आणि पदरी कुणीच नसलेली निराधार बाई, दोघींच्या हातात रक्कम एकच. निराधार असण्याचा वेगळा आधार कुठे राहिला? हा प्रश्न कुठल्याही बहिणीच्या विरोधात नाही आणि त्याला तयार उत्तरही नाही.

पैशाचा प्रश्न विचारायचा तर अर्थसंकल्पाच्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या ठरावीक सदरातून) विचारा. मे २०२५मध्ये सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी आपल्या खात्याचा निधी या योजनेकडे वळवल्याबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखवली होती. मंत्रीच बोलल्यावर विरोधकांनी वसतिगृहं, शिष्यवृत्ती आणि स्वाधार (वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांना मदत) या तीन शीर्षांखाली मूळ तरतूद किती, सुधारित किती आणि खर्च किती, हे कपात सूचनेतून (खात्याच्या मागणीत कपात सुचवून चर्चा घडवण्याच्या सूचनेतून) लावून धरायला हवं.

अनाथ आणि एकल पालकांच्या मुलांसाठीच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत. ते महिनोन्महिने थकतात आणि एकल पालक जिल्हा कार्यालयात खेटे घालतात. हे मांडताना मात्र एक पथ्य कडकपणे पाळा. मुलाचं नाव, शाळा, आईचा फोटो सभागृहात फडकवू नका, समाजमाध्यमांवर टाकू नका. अर्ज क्रमांक मंत्र्यांकडे वेगळा द्या. आई-वडील गमावलेल्या मुलाला वर्गातल्या पोरांनी त्या बातमीवरून ओळखावं, इतकी किंमत कुठल्याच प्रश्नाची नसते.

सगळं राज्य एका प्रश्नात

"राज्यातील सर्व जिल्ह्यांची गेल्या दहा वर्षांची माहिती द्यावी" असं लिहिलं की "माहिती संकलित करण्यात येत आहे" हे उत्तर आपणच मागवलेलं असतं. एक जिल्हा, दोन वर्षं, तीन आकडे पुरे. तोच प्रश्न चार सहकाऱ्यांनी आपापल्या जिल्ह्यापुरता अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा) म्हणून टाकला तर चित्र जुळतं आणि तारांकितची जागाही वाचते. तसंही एका तासात मोजकेच तारांकित प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं सभागृहाच्या पटलावर लेखीच राहतात.

उत्तर मिळालं की संपलं?

अधिवेशन संपतं, आमदार मतदारसंघात परततात, व्हिडिओ फिरतो. मंत्र्यांनी काय शब्द वापरले, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नसतं. "तपासून पाहू" हे आश्वासन नव्हे. "एका महिन्यात चौकशी करून कारवाई करण्यात येईल" हे आश्वासन आहे, आणि ते विधानमंडळाच्या आश्वासन समितीपुढे (मंत्र्यांची आश्वासनं पाळली गेली का, हे तपासणाऱ्या समितीपुढे) नेता येतं. म्हणून पुरवणी प्रश्न एकच ठेवा: कधीपर्यंत? मंत्री तारीख टाळत असतील तर तेच तीनदा विचारा, विषय बदलू नका. कार्यवृत्त हाती येताच त्या वाक्याची प्रत काढा. तारांकित उत्तर अपुरं असेल तर त्यावर अर्धा तास चर्चेची सूचना द्या.

आणि ज्या बाईच्या थकलेल्या हप्त्यावरून प्रश्न लिहिला, तिला उत्तराची प्रत पोचवा. गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावर तो छापील कागद ठेवला की तिची फाईल पुन्हा उघडते.