थकलेल्या माणसाला पंधरा मिनिटांचं काम द्या

महिनाअखेर, ऑडिट, परीक्षेचे पेपर तपासणं... असलं काही सुरू झालं की स्वयंसेवकांचा ऑनलाइन गट ओस पडतो. उत्साह आटला म्हणून नव्हे. हाती घ्यायचं काम प्रत्येक वेळी तीन तासांचं असतं, म्हणून.

यावर विकिस्रोत या स्वयंसेवकांनी उभारलेल्या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयाची पद्धत उचलण्यासारखी आहे. जुनं, प्रताधिकारमुक्त (कॉपीराइट नसलेलं) पुस्तक स्कॅन करून चढवलं की त्याचं एकेक पान सुटं होतं. शेजारीशेजारी मूळ पानाचं चित्र आणि यंत्राने वाचलेला मजकूर. ऱ्हस्व-दीर्घ, तुटलेली जोडाक्षरं दुरुस्त करायची आणि जतन करायचं. एकाने तपासलं की पान पिवळं, दुसऱ्याने पडताळलं की हिरवं. रात्री साडेदहाला जेवण उरकल्यावरही एक पान तपासून होतं. पुढचे दोन महिने तुम्ही फिरकला नाहीत तरी काम कुठवर आलंय ते रंग सांगतो. कुणाला फोन करून विचारावं लागत नाही.

तुमच्या गटाचं काम भाषांतराचं असो की वनस्पतींच्या फोटोंना नावं देण्याचं, आधी त्याचे असे तुकडे पाडा. अर्धवट काम कुणाच्या लॅपटॉपवर राहू देऊ नका, सगळ्यांना दिसेल तिथे ठेवा. प्रचालकाचे (अ‍ॅडमिनचे) अधिकार किमान दोघांकडे हवेत. आणि ‘मार्चभर मी नाही’ असं कुणी लिहिलं तर ‘बरं’ एवढंच उत्तर द्या. ‘थोडा तरी वेळ काढा ना’ म्हटलेली माणसं, माझ्या पाहण्यात तरी, एप्रिलमध्येही परतत नाहीत.