गल्ला किती आणि रोजचा खर्च किती: पोकर टूर्नामेंटमधल्या चिप्सचा हिशेब

माझं सावंतवाडीत भुसार मालाचं दुकान आहे. गल्ल्यात वीस हजार आहेत एवढंच सांगितलंत, तर दुकान चाललंय की बुडतंय हे मला सांगता येणार नाही. भाडं, नोकराचा पगार, वीजबिल मिळून रोज किती जातात ते आधी सांगा. टूर्नामेंटमधल्या चिप्सचं तसंच आहे. गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळून थेट पणजीला मांडवीतल्या बोटीवर पोकरला बसणारी आमच्याकडची मुलं नेमकी इथेच फसतात. तीन पत्तीचा बूट, म्हणजे डावाआधी सगळ्यांनी टाकायची रक्कम, रात्रभर तोच असतो. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांनी पाळीपाळीने भरायच्या सक्तीच्या रकमा, एक स्मॉल (छोटी) आणि एक बिग (मोठी). टूर्नामेंटमध्ये त्या ठरलेल्या वेळाने, लेव्हलगणिक वाढतात, म्हणजे भाडं रात्रभर चढतच असतं.

म्हणून स्टॅक, म्हणजे आपल्याकडच्या एकूण चिप्स, बिग ब्लाइंडमध्ये मोजायचा. सुरुवातीला २५,००० चिप्स आणि ब्लाइंड १००/२०० असले, तर तुमच्याकडे १२५ बिग ब्लाइंड आहेत. त्याच २५,००० चिप्स १,०००/२,००० च्या लेव्हलला साडेबारा होतात. एकही डाव हरला नाहीत, तरी गरीब झालात. समोरच्याचा स्टॅकही बघायचा. तुमच्याकडे ६० आणि त्याच्याकडे ९ असतील, तर तो डाव ९ चाच, कारण त्याच्याकडून त्याहून जास्त मिळणार नाहीत.

१०० च्या वर असताना घाई नको. तिरीची किंवा पंजीची जोडी घेऊन स्वस्तात फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडली जाणारी पहिली तीन सामाईक पानं, बघता येतो. जोडीचंच तिसरं पान फ्लॉपवर लागायची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे आठ-नऊ वेळांत एकदा. त्यामुळे कॉलला, म्हणजे समोरच्याने लावले तेवढेच भरायला, जेवढे जातात, त्याच्या निदान पंधरापट दोघांकडेही मागे शिल्लक हवेत. ४० च्या खाली आलात की हा शौक बंद. तिथे रेज करायची, म्हणजे रक्कम वाढवायची, किंवा पत्ते टाकायचे. नुसती कॉल करून चिप्स झिजतात. २० च्या आसपास असाल, तर समोरच्याने रेज केल्यावर चांगल्या पत्त्यांवर थेट ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स आत. अर्धवट री-रेज करून मग पळून जायचं, असा प्रकार नको.

आता खरी गोम. माझ्या दुसऱ्याच टूर्नामेंटमध्ये माझ्याकडे २४,००० होते आणि ब्लाइंड १,०००/२,०००. शिवाय बिग ब्लाइंडवाला २,००० अँटे, म्हणजे सगळ्या टेबलाच्या वतीने आणखी एक सक्तीची रक्कम, भरत होता. १२ बिग ब्लाइंड. मी एक्का-राजाची वाट बघत बसलो. एका फेरीत १,००० + २,००० + २,००० असे ५,००० गेले. उरले १९,०००. तेवढ्यात लेव्हल १,२००/२,४०० झाली आणि माझे आठसुद्धा राहिले नाहीत. आणखी एक फेरी बसलो, मग दोन डाव चांगले पत्ते टाकले, का ते मलाही ठाऊक नाही. शेवटी चारेक ब्लाइंडवर एक्का आला, ऑल-इन केलं, आणि बिग ब्लाइंडवाल्याने नव्वी-सत्तीवर हसत कॉल केली.

त्याचं काही चुकलं नव्हतं. चार ब्लाइंडच्या ऑल-इनला त्याला अजून तीनच ब्लाइंड घालायचे असतात आणि पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, साडेसहा पडलेले असतात. तिनात एकदा जिंकला तरी त्याचं भागतं. बारा ब्लाइंडवर हाच माणूस नव्वी-सत्ती गुपचूप टाकून देतो. तुमच्या ऑल-इनची भीती वाटण्याइतका स्टॅक आहे, तोवरच तो वापरायचा. सगळ्यांनी पत्ते टाकले, तर पत्ते न दाखवता ५,००० घरात, म्हणजे २४,००० वर वीस टक्के. बटणावर, म्हणजे डिलरच्या खुणेच्या जागी (तिच्यानंतर फक्त दोघे ब्लाइंडवाले उरतात), असाल आणि आधी कोणी उतरलं नसेल, तर कुठलीही जोडी, कुठलाही एक्का पुरतो. सगळ्यांच्या आधी बोलाव्या लागणाऱ्या पहिल्या जागांवर मात्र हात आखडता: मधल्या-मोठ्या जोड्या, एक्का-राणी, फार तर एक्का-गुलाम.

जॅक स्ट्रॉस या अमेरिकन खेळाडूने १९८२ ची पोकरची वर्ल्ड सिरीज एका उरलेल्या चिपवरून जिंकली, ही गोष्ट तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. ऐकायची आणि बारा ब्लाइंड उरलेले असतानाच ऑल-इन करायचं.

बक्षिसाच्या तोंडावर हिशेब उलटतो. समजा चौघं उरलेत, चिप्स सारख्या, बक्षिसं ५,०००, ३,००० आणि २,०००. चौथ्याला भोपळा. प्रत्येकाचा सरासरी वाटा आत्ता २,५०० चा. कोणी ऑल-इन केलं, तुम्ही कॉल करून जिंकलात, तर चिप्स दुप्पट होतात, पण वाटा ३,८३३ च होतो, ५,००० नाही. म्हणजे कॉल करायला ६५ टक्के जिंकण्याची खात्री हवी. दश्शीची जोडी एक्का-राजासमोर ५४-५७ टक्केच असते. म्हणून तिथे कॉल करणारा अडकतो आणि आधी ऑल-इन करणारा सुटतो. सगळ्यात मोठा स्टॅक तुमचा असेल, तर मधल्या स्टॅकवाल्यांना दाबायचं. त्यांना गमावण्यासारखं सगळ्यात जास्त असतं. तीन ब्लाइंडवाल्याला दाबून उपयोग नाही, तो कॉल करणारच.

हाताला एक सवय लावा. चिप्स वीस-वीसच्या थप्प्यांत रचायच्या, मोठ्या रकमेच्या पुढे. लेव्हल बदलल्याची घोषणा झाली की पत्ते उचलण्याआधी थप्प्या बघून भागाकार करायचा. डिलर पत्ते पिसेपर्यंत होतो.