गच्चीवरच्या कुरडया आणि आभाळ

रामबागेतल्या आमच्या गच्चीवर कुरडया घालण्याआधी मी आभाळ बघते, मग मोबाइल. इंदुरात मान्सून साधारण जूनच्या मध्यानंतर येतो, पण त्याआधीच्या वळवानं एकदा माझ्या तीन किलो गव्हाच्या कुरडयांचा पार लगदा केला.

पिंजलेल्या कापसासारखे उंच, विरळ ढग असतील तर खुशाल घाला. दुपारी मात्र फुलकोबीसारखे ढग वर चढू लागले, माथा ऐरणीसारखा पसरला, बूड काळवंडलं, की चादर गोळा करा. वीज चमकल्यावर सेकंद मोजा, तिनानं भागा. तेवढे किलोमीटर ती लांब. ३० सेकंदांच्या आत गडगडलं तर कुरडया राहू देत, आधी खाली उतरा.

अंदाजातल्या ‘हलक्या पावसा’वर विसंबू नका. २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस हलकाच म्हणवतो. कुरडईला दोनही पुष्कळ.