आफ्रिकन नोटा जमवताय? या चुका टाळा

बहुतेकांची पहिली खरेदी ठरलेली: झिम्बाब्वेची १०० ट्रिलियन डॉलरची नोट. जरूर घ्या. पण ते तिथल्या भडकलेल्या महागाईच्या गोष्टीचं शेवटचं पान आहे, आणि तेवढंच वाचून छंद पुरा झाला असं मानणारे लोक पाहिले की जीव तुटतो. २००३ पासून तिथे नोटांसारखेच वापरले जाणारे बेअरर चेक चलनात होते. "हे चेक आहेत, नोटा नाहीत" म्हणत नवखे ते बाजूला सारतात. अहो, त्यांच्यावर मुदतीची तारीख छापलेली आहे, खिशातल्या पैशाला मुदत! पुढे ऑगस्ट २००६ मध्ये चलनातली तीन शून्यं उडवली, ऑगस्ट २००८ मध्ये दहा, फेब्रुवारी २००९ मध्ये बारा. म्हणजे जानेवारी २००९ मध्ये बाजारात आलेल्या १०० ट्रिलियनच्या नोटेचे महिन्याच्या आत १०० डॉलर झाले. मी प्रत्येक नोटेमागे चिठ्ठी ठेवतो: नोट कधी आली आणि त्यानंतर किती शून्यं गेली.

सोनेरी फॉइलची १०० ट्रिलियन? तिथल्या रिझर्व्ह बँकेने तशी नोट कधी काढलीच नाही. खरी नोट कागदी, उजेडापुढे धरली की झिम्बाब्वे पक्ष्याचं जलचिन्ह दिसतं.

आता माझा सगळ्यात मोठा राग: नोटा धुणं आणि इस्त्री करणं. एका गोवेकर कुटुंबात पूर्व आफ्रिकेतल्या नोकरीच्या काळातली १९६४ ची १०० शिलिंगची नोट निघाली. पूर्व आफ्रिका चलन मंडळाची, राणीच्या चित्राऐवजी व्हिक्टोरिया सरोवर आणि शिडाची होडी असलेली. केनिया, युगांडा, टांगानिका स्वतंत्र झाले होते, पण त्यांच्या मध्यवर्ती बँकांच्या नोटा यायला १९६६ उजाडलं. त्या मधल्या काळाचा हा कागद. घरच्या मुलाने व्हिडिओ बघून ती कपड्यांच्या पावडरीत भिजवली, वरून इस्त्री फिरवली आणि "कोरी" म्हणून माझ्यासमोर ठेवली. अंगठा फिरवला तर छपाईचा उठाव सपाट. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरली तर कागद निळसर उजळला, पावडरीतली चमक आत मुरलेली. घडीची नोट प्रामाणिक असते, ही आता कुठलीच राहिली नव्हती. डाग असो, घडी असो, हात लावू नका. मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटात घाला आणि तशीच राहू द्या. पीव्हीसीचे स्वस्त अल्बम नकोत, लॅमिनेशन तर मुळीच नको.

"५० देश, एक पाकीट" असले संच घेऊ नका. घाई भागते, समज वाढत नाही.

शेवटची चूक सीएफए फ्रँकची, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांच्या सामाईक चलनाची. "आठ देश, एकच नोट, एक घेतली की झालं!" क्रमांकाजवळचं अक्षर बघा की. के म्हणजे सेनेगल, ए आयव्हरी कोस्ट, टी टोगो. एस गिनी-बिसाऊचं, आणि तो देश या चलनात आला १९९७ मध्ये, त्याआधीच्या नोटांवर ते सापडणारच नाही. डी मालीचं. माली १९६२ मध्ये बाहेर पडला, स्वतःचा फ्रँक काढला आणि १९८४ मध्ये परत आला. विक्रेत्याने फोटोत क्रमांक झाकला असेल तर मी पुढे बोलतच नाही.